काटा हलला का?

आमच्या शेजारचे बबनभाऊ लाईट आली का, असं कधी इचारतच न्हाईत. भितीवरनं मुंडी काढून वरडतात, "आक्का, वायरीत पानी आलं का?"

तीस वर्सं गावाला पानी सोडलं ह्या मानसानं. पंचायतीचा वॉल फिरवून हाताला घट्टे पडले. त्यास्नी सगळं जग नळावानीच दिसतं. व्होल्ट म्हंजी टाकीची उंची, करंट म्हंजी धार. "उंचीचं काय घिऊन बसलात आक्का? धार बघा, धार!"

माझ्या रेडिओपाई हे सुरू झालं. मालक गेले, लेकी नांदायला गेल्या, डोळ्यात मोतीबिंदू. दुष्काळात खडी फोडली तवा रडले न्हाई, आता काय रडू? पर घरात मानसाचा आवाज लागतो. आन् रेडिओ सेल खातो बकासुरावानी. भाऊंनी नगरहून एक पाकीट आनलं. किट म्हनं, सेलाबिगर लाईटीवर रेडिओ चालवायचा डबा! सुटं सामान आपुनच जोडायचं, आन् त्याचा कान, म्हंजी फिरवायचं बटन, पिळला की पायजेल तेवढी वीज काढायची.

"आयता डबा मिळतो की बाजारात," मी म्हनले.

"आयत्यात धार कुठनं येती ते दिसत न्हाई!"

जोडलं बाई! मी हातातली भाकरी टाकून पळाले. बारका दिवा लागला, लखलख! "जरा जास्त झालं, बंद करतो," म्हनून भाऊंनी कान उजवीकडं पिळला. फट्! दिवा गेला. आसे तीन घालवले. नळ उजवीकडं फिरवला की बंद हुतो, ह्याचं उलटं.

"भाऊ, हाताला वळन लावा जरा."

"हात तीस वर्सं शिकलाय. आता विजेनं शिकावं!"

कानाच्या कडंच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. झाला नळ! डावीकडं चालू, उजवीकडं बंद.

मग रेडिओ जोडला, तर भुंग्यावानी नुसतं घूंऽऽ. भाऊ चार दिस भिंग घिऊन बसले. एका जागी डाख कच्चा निघाला. "इथं गळत हुतं!" पक्का डाख दिला, भुंगा गप. मग डबा तापाया लागला. माझी अल्युमिनची ताटली कापून त्याच्या पाठीला लावली, ताप उतरला.

"आन् मी कशात जेवू?"

"परात हाय की!"

आन् बातम्या लागल्या! खणखणीत! म्या टाळीच वाजवली.

पर डबा मला दिला न्हाई. "तुमी जाळताल." डबा त्यांच्याकडं, वायर भितीवरनं माझ्याकडं. वरनं डब्याला धार दावनारा काटा बसवला. रेडिओ माझा, काटा त्यांचा!

परवा सकाळी मी शेवया करायला बसले, रेडिओ लावायचा राह्यला. ऊन वर आलं. तेवढ्यात भाऊ धावत आले. एका पायात चप्पल, तोंडाला मिसरी.

"काटा न्हाई हलला!"

"आवो, शेवया वळतेय. काय झालं?"

ते उंबऱ्यावरच बसले. म्हनले, "मागं एकदा थोरल्या बहिनीच्या गल्लीत पानी सोडलं हुतं. तिचा हंडा भरून वाहत व्हता. वाटलं, आसंल कामात. मी म्होरल्या गल्लीत निघून गेल्तो."

बहीन त्याच सकाळी घरात एकटीच वारल्ती, हे मला ठाव हुतं. हंड्याचं ठाव नव्हतं.

म्या हात पुसले. रेडिओ लावला, आवाज पार शेवटापातुर नेला.

"जा," म्हनले, "धार बघा."