मन्मथअप्पांची तक्रारवही

मन्मथअप्पांना शिव्या दिलेल्या चालायच्या, फक्त त्या लेखी पाहिजेत.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ग्रंथालयशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला एक महिना सार्वजनिक वाचनालयात प्रात्यक्षिक करावं लागतं. मी नांदेडची, पण उदगीरला मावशी राहते म्हणून तिथलं वाचनालय मागून घेतलं होतं. सकाळी पोचले तर एक गृहस्थ टेबलावर हात आपटून ओरडत होते, "तीन हप्ते झाले, पुस्तक मिळंना! काय अंधेर हाय का हितं?" समोर कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले ग्रंथपाल मन्मथअप्पा शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसलेले. गृहस्थ ओरडून दमले. मग अप्पांनी दाराकडं बोट केलं. तिथं खिळ्याला सुतळीनं एक जाड वही टांगली होती.

"तोंडी काई चालत न्हाई. लेखी द्या."

गृहस्थांनी पाऊण पान भरून लिहिलं. अप्पांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि लाल पेनानं खाली उत्तर दिलं : ‘सदर पुस्तक अर्जदाराच्या सख्ख्या मेव्हण्याकडे आहे. घरगुती मामला घरात मिटवावा. – ग्रंथपाल.’

मी हबकलेच. वाचक हा राजा, असं आमच्या मॅडम दोन वर्षं घोकून घेत होत्या. म्हटलं, "अप्पा, वाचकाला असं लिहितात का कुणी?"

"शंका हाय का? लेखी दे."

बाकीच्यांना याची सवय झाली होती. चहावाल्या काकूसुद्धा ‘अप्पांनी कप परत दिला नाही’ असं वहीत लिहून जायच्या. अप्पांना घरून डबा यायचा त्यात चिठ्ठी असायची, ‘मीठ कमी पडलं आहे, वरून घेणे.’ त्या चिठ्ठीच्या पाठीवर लाल शाईत ‘मान्य’ लिहून अप्पा ती रिकाम्या डब्यात ठेवून द्यायचे.

पण वहीचे खरे मालक होते गफूरभाई. दर दोन पानांआड त्यांचीच तक्रार, निळ्या शाईत. दुपारी वाचनालय सुस्त असायचं तेव्हा मी ती वही घेऊन बसायचे आणि तोंडावर हात ठेवून वाचायचे.

‘पेपर आठ वाजता येतो. अप्पा नऊपर्यंत स्वतःच वाचत बसतात. हे वाचनालय हाय का अप्पाची बैठक?’ खाली लाल शाई : ‘चौकशी केली. अर्जदार साडेनऊच्या आत कधीच उगवलेला नाही.’

‘चार नंबरची खुर्ची लई कुरकुरते.’ – ‘खुर्ची नव्हे, अर्जदार कुरकुरतो.’

‘ग्रंथपालाचा दिमाग कुण्या चांगल्या डॉक्टरला दाखवावा.’ – ‘दाखवला. डॉक्टर म्हणाले, आधी गफूरला आणा.’

आमच्या अहवालाला एका नियमित वाचकाची मुलाखत जोडायची असते. इतका नियमित वाचक दुसरा कोण? पण तीन आठवडे झाले तरी गफूरभाई काही दिसेनात. तक्रारी मात्र येतच होत्या. अप्पांना विचारलं तर म्हणाले, "तू जेवायला गेली की येतो. त्याला पोरींसमोर भांडायला लाज वाटती."

दोन दिवस मी जेवायलाच गेले नाही. त्या दोन दिवसांत तक्रारही आली नाही. तिसऱ्या दिवशी सभासदांच्या यादीत गफूरभाईंच्या नावापुढं ‘घड्याळाचं दुकान’ असं दिसलं, म्हणून चहावाल्या काकूंना त्या दुकानाचा पत्ता विचारला. काकूंनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं, पत्ता सांगितला आणि गाळणी धुवायला लागल्या.

दुकानात घड्याळं नव्हती. मोबाईलची कव्हरं टांगलेली होती आणि एक बाई गिऱ्हाईक करत होती. मी म्हटलं, "गफूरभाईंना भेटायचं होतं. वाचनालयातून आले."

"अब्बांना?" तिनं हातातलं कव्हर खाली ठेवलं. "अब्बांना जाऊन दोन साल झाले, ताई. मी सून त्यांची."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "अहो, पण याच आठवड्यात त्यांनी तक्रार लिहिलीय."

आता ती माझ्याकडं बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "काय लिहिलं?"

"पंख्याचा वारा फक्त अप्पाच्याच टेबलावर येतो. अप्पांनी पंख्याला लाच दिली हाय."

ती ओढणी तोंडावर दाबून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "अब्बाच हायेत!" मग थांबून म्हणाली, "पण वारा न्हाई म्हणायचे ते. पंख्याची हवा म्हणायचे. अम्मी वारा म्हणाली तरी टोकायचे."

परत आले ती तावातावानंच. वही काढून जुनी पानं आणि नवी पानं शेजारी धरली. जुनं अक्षर बारीक, उजवीकडं कललेलं. नवं अक्षरही कललेलं, पण ओढूनताणून. अक्षरांवरची रेघ अप्पांच्या लाल शाईतल्यासारखीच जाड, कागदाच्या मागं उमटलेली. मला धक्का बसला आणि रागही आला. नोंदवहीत खोटी नोंद! आमच्या शास्त्रात याच्याइतकं मोठं पाप नाही.

"अप्पा, गफूरभाई वारलेत. मी त्यांच्या घरी जाऊन आले."

अप्पांच्या हातात पुस्तकाला लावायची चिठ्ठी होती. तिची घडी घालत राहिले. घडी घालायला जागा उरली नाही तेव्हा म्हणाले, "सून होती का दुकानात?"

"होती."

"चिडली?"

"हसल्या. पंख्याचं सांगितलं तर खूप हसल्या."

अप्पांनी मान हलवली. "तीस वर्सं रोज भांडला माझ्याशी. तो गेला आन् वही चार महिने कोरी. लोकं यायचे, पुस्तकं घ्यायचे, जायचे. समदे गोड बोलून राहिले. एक दिवस वाटलं, आज हा काय म्हणला असता? लिहून टाकलं. तवा कसं, आपोआप सुचायचं बघ. तो कानाशी बसून सांगून राहिला असं वाटायचं. आता न्हाई सांगत. एकेका ओळीला सकाळ जाती."

मला जे ठाऊक होतं तेवढं सांगितलं. "अप्पा, त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, ते वारा म्हणत नव्हते. हवा म्हणायचे."

अप्पा एकदम सरळ बसले. "हवा," ते पुटपुटले. "हाव की! हवाच म्हणायचा." त्यांनी वही माझ्या हातातून ओढून घेतली, ते पान काढलं, निळ्या पेनानं ‘वारा’ खोडला आणि वर ‘हवा’ लिहिलं. किती तरी वेळ त्या शब्दाकडं बघत राहिले.

"तो सांगायचा थांबला त्याला साल झालं असंल," ते म्हणाले, "तवापर्यंत मी असं चुकत नव्हतो, पोरी."