ने म्हणजे हो

आशियाई भाषा विभागात सात भाषा शिकवल्या जात असत, पण त्या दिवशी सकाळी विभागप्रमुख सर एकाच भाषेत ओरडत होते.

"अहो, हे भंगार आज हललंच पाहिजे! दुपारी पाहुण्या येणार आणि त्यांना आपण काय दाखवणार? तीन पायांच्या खुर्च्या?"

"भंगारवाल्याला निरोप दिलाय, सर," कार्यालयातल्या बाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळीच माणसं पाठवतोय."

"मग ती आली की काय न्यायचं, काय ठेवायचं ते तुम्ही बघा. मीही त्यांना खाली सांगून ठेवतो, वरच्या खोलीत बाई बसल्या असतील, त्यांना विचारून एकेक वस्तू उचला म्हणून."

इथपर्यंत सगळं रीतसर होतं. सरांचं सगळंच रीतसर असे. त्यांचा स्वतःचा विषय प्राचीन चिनी. ती त्यांना अस्खलित येत होती, फक्त ज्यांच्याशी त्या भाषेत गप्पा मारता आल्या असत्या ती माणसं जाऊन शतकं लोटली होती. जिवंत माणसांच्या भाषा त्यांनी इतरांवर सोपवल्या होत्या. त्यातले कोरियनचे सर नेमके पाय मोडून घरी पडलेले, आणि पाहुण्या येत होत्या त्या कोरियातूनच.

पाहुण्या म्हणजे तिकडच्या विद्यापीठातल्या प्राध्यापिका. दरवर्षी विभागातला एक विद्यार्थी वर्षभरासाठी तिकडे शिकायला जाई, राहण्याजेवणाच्या सोयीसकट. या वर्षी कोण जाणार ते त्या दुपारी समोरासमोर गप्पा मारून ठरवणार होत्या. गप्पा कोरियनमध्ये.

आणि तिथेच डिक्शनरीचं घोडं अडलं होतं.

डिक्शनरी हे तिला वर्गानं ठेवलेलं नाव. कुठलाही शब्द विचारा, ती अर्थ सांगायची, व्युत्पत्ती सांगायची, वर दोन समानार्थी शब्द. कोरियन क्रियापदाला समोरच्याच्या मानाप्रमाणे वेगवेगळ्या शेपट्या लागतात. मित्राला एक, अनोळखी माणसाला दुसरी, गुरुजनांना तिसरी. त्या सगळ्या तिला झोपेतून उठवून विचारल्या तरी येत होत्या. पण लिहून. तोंडी म्हटलं की तिचा घसा बंद. समोर माणूस आला की आतला सगळा कोश आपापली पानं मिटून बसायचा. पोरीला जायचं मात्र जिवापाड होतं. तीन वर्षं तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

तिची स्पर्धा होती वर्गात 'मालिका' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैत्रिणीशी. ही कोरियन मालिका बघून बघून भाषा शिकलेली. घडाघडा बोलायची, डोळ्यांत पाणी आणून बोलायची. अडचण एवढीच, की तिला येणारी वाक्यं 'तू माझा मुलगा नाहीस!' किंवा 'या घराण्याचं वाटोळं होईल!' अशा थाटाची होती. तरी बोलायची ना! डिक्शनरीला तेही जमत नव्हतं.

म्हणून डिक्शनरी सकाळपासून तिच्या नेहमीच्या जागी, विभागाच्या खोलीतल्या मोठ्या लाकडी कपाटामागे जाऊन बसली होती. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक स्टूल मावेल एवढी जागा होती. तिथे बसून ती भिंतीशी कोरियनमध्ये बोलायची. भिंतीशी ती फार छान बोलायची.

सरांचा बेत पहिल्यांदा फसला तो पाहुण्यांच्या शिस्तीमुळे. दुपारी येणार म्हणून सांगितलेल्या बाई सकाळीच आल्या. कार्यालयातल्या बाई तेव्हा माइक आणायला दुसऱ्या इमारतीत गेलेल्या. शिपायानं पाहुण्यांना नमस्कार केला, त्यांच्या निळ्या बॅगेसकट वर विभागाच्या खोलीत नेलं आणि तिथल्या एकमेव चार पायांच्या खुर्चीवर, म्हणजे कार्यालयातल्या बाईंच्याच खुर्चीवर, बसवलं.

कपाटामागच्या फटीतून डिक्शनरीनं त्यांना पाहिलं. बाहेर जाऊन स्वागत करायला हवं होतं. स्वागताचं वाक्य पाठ होतं, शेपटीसकट. पण पाय उचलेनात.

पहिले आले कँटीनवाले काका, चहा घेऊन. "देऊ?" त्यांनी विचारलं.

पाहुण्या हसून म्हणाल्या, "ने, ने."

आता कोरियनमध्ये 'ने' म्हणजे 'हो'. नुसतं 'ऐकतेय हं, बोला' असं सांगायलाही तिकडचे लोक 'ने' म्हणतात. शिवाय त्यातला 'न' असा नाक चोंदल्यासारखा निघतो, की ऐकणाऱ्याला कधी 'ने' ऐकू येतं, कधी 'दे'. काकांच्या हातात किटली होती. त्यांना 'दे' ऐकू आलं.

"आणखी देऊ?"

"दे, दे."

"वा! बाईंना चहा आवडला!" काका म्हणाले आणि किटली रिकामी होईपर्यंत देत राहिले. पाहुण्याही बिचाऱ्या, आणलेलं परत कसं पाठवायचं म्हणून पीत राहिल्या.

मग आले भंगारवाल्याचे दोन हमाल, एक उंच आणि एक बुटका.

"बाई, ह्या खुर्च्या नेऊ का?" बुटक्यानं विचारलं.

"ने, ने," पाहुण्या म्हणाल्या.

न्यायला आलेल्या माणसाला काय ऐकू येणार? खुर्च्या गेल्या. पाठोपाठ सूचनाफलक गेला, पंखा गेला, सरांनी मोठ्या कष्टानं मिळवलेला नकाशाही गेला. पाहुण्या प्रत्येक वेळी मान झुकवून 'ने' म्हणत होत्या. कामकरी माणसं किती नम्रपणे परवानगी मागतात, याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

कपाटामागे डिक्शनरीला एकेक शब्द ऐकू येत होता. काय घोटाळा चाललाय हे त्या क्षणी अख्ख्या इमारतीत फक्त तिलाच कळत होतं. एक हाक मारायचा अवकाश होता. ती तोंड उघडत होती आणि मिटत होती.

"आणि ही बॅग?" बाहेर बुटका विचारत होता. "चांगली दिसतेय. ही पण नेऊ?"

पाहुण्यांना वाटलं, हे सामान अतिथिगृहात पोचवणार. केवढी तत्परता! "ने, ने!" त्या आनंदानं म्हणाल्या.

बॅग गेली. डिक्शनरीला रडू फुटलं, पण तेही आवाज न करता.

"आता एवढं कपाट उचललं की झालं," उंच हमाल वर येऊन म्हणाला. "नेऊ ना, बाई?"

"ने, ने."

दोघांनी हुप्प करून कपाट उचललं आणि बाजूला सरकवलं. मागे स्टुलावर एक मुलगी बसली होती, गालावर जळमट आणि डोळ्यांत पाणी. दोघंही थबकले. बुटक्यानं पाहुण्यांकडे वळून विचारलं, "बाई, ही पण?"

पाहुण्यांनी मुलीकडे पाहिलं, हमालांकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाल्या, "ने?"

"थांबा!" डिक्शनरी ओरडली. स्वतःचा एवढा मोठा आवाज तिनंही पहिल्यांदाच ऐकला. "अहो, ती बॅग त्यांची आहे! तुम्ही काय करून बसलात!"

"त्यांनीच सांगितलं की," बुटका म्हणाला. "दर वेळी विचारून उचललं. ने म्हणाल्या."

"अहो, त्यांच्या भाषेत ने म्हणजे हो!"

बुटक्यानं विचार केला. "बरं. मी विचारलं, नेऊ का? त्या म्हणाल्या, हो. मग चुकलं कुठं?"

डिक्शनरीनं तीन वर्षांचं भाषाशास्त्र बाजूला ठेवलं. "बॅग आहे कुठे?" तिनं विचारलं.

"ट्रकात. पहिली खेप निघाली असेल एव्हाना. कपाटासाठी परत येणारे."

ती पाहुण्यांकडे वळली. आता सांगायलाच हवं होतं, आणि समोर प्रत्यक्ष प्राध्यापिका. तिनं दोन्ही हात जुळवले, कमरेत वाकली आणि सर्वांत लांब शेपटीचं वाक्य काढलं. "आपल्यासारख्या आदरणीय व्यक्तीपुढे बोलण्याचं धाडस करताना अत्यंत संकोच होतो, तथापि..."

"ने, ने," पाहुण्या मान डोलवत म्हणाल्या.

"...आपल्या सामानाच्या संदर्भात निवेदन करण्याची आज्ञा व्हावी..."

"ने..."

खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकातून ट्रक बाहेर पडत होता. ट्रकाच्या डोक्यावर, खुर्च्यांच्या ढिगाऱ्यावर, निळी बॅग होती. डिक्शनरीच्या डोक्यातल्या सगळ्या शेपट्या एकदम गळून पडल्या.

"बॅग गेली!" ती कोरियनमध्ये किंचाळली. "ऊठ! पळ!"

आणि पाहुण्यांचा हात धरून तिनं त्यांना जिन्याकडे ओढलं. पाहुण्यांना निदान पन्नाशी उलटल्यापासून असं कुणी बोललं नसावं, कारण त्या खरंच पळाल्या.

खाली काका टेंपोत दुधाचे रिकामे क्रेट चढवत होते. पुढच्या सीटवर बर्फाच्या लाद्या होत्या, म्हणून दोघींना मागे क्रेटांमध्येच चढावं लागलं. "काका, त्या ट्रकामागे चला!" एवढं मराठीत झालं. पुढचं सगळं कोरियनमध्ये, तेही धाकट्या भावंडावर खेकसावं तसं.

"बस! नीट बस! दांडा धर! तो नाही, तो तुटलाय!"

"ने!" पाहुण्या दांडा धरत म्हणाल्या.

"वाक! फांदी आली! वाक म्हणते ना!"

पाहुण्या वाकल्या. फांदी वरून गेली.

"पाल्ली! पाल्ली!" डिक्शनरी पुढे काकांना ओरडली. कोरियनमध्ये याचा अर्थ 'लवकर'. काकांना 'पळ, पळ' ऐकू आलं आणि त्यांनी टेंपो पळवला. दोन्ही भाषांचं अखेर एका मुद्द्यावर जमलं.

भंगारवाल्याच्या गोदामात पोचल्या तेव्हा बॅग वजनकाट्यावर चढली होती. डिक्शनरीनं झडप घालून ती उतरवली. पाहुण्यांनी उघडून पासपोर्ट पाहिला, छातीशी धरला आणि तिथल्याच एका तीनपायी खुर्चीवर बसायला निघाल्या.

"पडशील! त्यावर नको!" डिक्शनरीनं त्यांना मागे खेचलं.

परतताना पाहुण्यांनी तिला घरचं विचारलं, भावंडांचं विचारलं, कपाटामागे काय करत होतीस तेही विचारलं. ती सांगत सुटली. भिंतीला सांगितलेलं सगळं तिनं टेंपोत पुन्हा सांगितलं. हसताना क्रेट पडले, ते दोघींनी मिळून रचले. फाटक दिसायला लागलं तसं तिच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण एका ज्येष्ठ प्राध्यापिकेशी अगं-तुगं करतोय. कोरियनमध्ये याहून मोठा उद्धटपणा नाही. हे पुस्तकात तिनं स्वतः लाल शाईनं अधोरेखित केलं होतं.

फाटकात सर पुष्पगुच्छ घेऊन उभे होते, शेजारी मालिका. टेंपोतून पाहुण्या उतरल्या, केसांत फांदीची पानं आणि कोटाला दुधाचा वास. मालिका पुढे झाली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही कुठे होतात?" त्यातल्या त्यात तेच वाक्य प्रसंगाला जवळचं होतं.

वर गेल्यावर सगळे उभेच राहिले, कारण सगळ्यांत मिळून एक खुर्ची आणि एक स्टूल उरलं होतं. सरांनी घसा साफ केला. "आता मुलाखती सुरू करू. डिक्शनरी, त्यांना सांग."

डिक्शनरीनं लांब शेपटी लावून सांगितलं. पाहुण्या तिच्याकडे बघत बराच वेळ बोलल्या. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"काय म्हणतात?" सर म्हणाले.

"म्हणतात," डिक्शनरी मान खाली घालून म्हणाली, "मालिका छान बोलते, पुढच्या वर्षी तिनं नक्की अर्ज करावा. माझी मुलाखत त्यांनी टेंपोतच घेतली. तीस वर्षं शिकवतायत, पण इतकी उद्धट विद्यार्थिनी पाहिली नाही. मी त्यांना वाक म्हटलं, पडशील म्हटलं..."

"तू त्यांना वाक म्हणालीस?" सरांनी पुष्पगुच्छ खाली ठेवला. "अगं, काय केलंस हे!"

"म्हणतात, एका वर्षासाठी मला नेण्यात काही अर्थ नाही." तिचा आवाज फाटला, पण तिनं भाषांतर सोडलं नाही. "कारण ही वाईट सवय एका वर्षात..."

आणि ती थांबली. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं.

"एका वर्षात काय? बोल की!"

ती बोलेना. शेवटी मालिकाच पुढे आली. "सर, सवय एका वर्षात जायची नाही, दोन लागतील, असं म्हणाल्या. दुसऱ्या वर्षाच्या खर्चाचं त्या स्वतः बघणार आहेत." आता मालिकेच्या डोळ्यांत आलेलं पाणी आणलेलं नव्हतं. "आणि राहायचं त्यांच्याच घरी. त्यांची थोरली बहीण होती, ती त्यांच्यावर अशीच ओरडायची. ती गेल्यापासून सगळे त्यांच्याशी फक्त मानानं बोलतात."

डिक्शनरीनं डोळे पुसले, दोन्ही हात जुळवले, कमरेत वाकली आणि आभाराचं सर्वांत लांब वाक्य सुरू केलं.

पाहुण्यांनी ते मध्येच तोडलं. "ते वर्गात," त्या म्हणाल्या. "इथे नीट बोल."

डिक्शनरी सरळ उभी राहिली. त्यांच्या केसांतलं पान काढलं आणि म्हणाली, "येईन मी तुझ्याकडे. पण इतका चहा पीत जाऊ नकोस."