कोपरे कापलेली कादंबरी

अशी कादंबरी अख्ख्या सोलापुरात कुणी लिहिलेली नाही, याबद्दल ज्ञानबाला तिळमात्र शंका नव्हती. सव्वीस वर्षं तो टॉकीजमध्ये मशीनवर ऑपरेटर होता. पंचेचाळिशीत प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवली, पंच्याहत्तर साली रिटायर झाला आणि लगेच लिहायला बसला.

कादंबरी थोरल्या बहिणीची, गोजाबाईची. तिच्या पोरीच्या लग्नाला हा सख्खा मामा गेला नव्हता. नवा सिनेमा लागला होता आणि मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होईना. पोर मामाविना बोहल्यावर चढली. तेव्हापासून नऊ वर्षं बहिणीचं माळशिरस त्याला बंद.

तोंडाने माफी मागणं जमेना, म्हणून कादंबरी. पण सरळ सांगेल तो ऑपरेटर कसला? आधी लांबून मांडव, मग जवळून बहिणीचे डोळे, मग एकदम मागचं बालपण. माफी अगदी शेवटी, बाराव्या भागात.

रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. दुसरं मशीन चालू करायची ती खूण. ज्ञानबाने प्रसंग संपला की पान संपवलं आणि खूण म्हणून पानाचा उजवा कोपरा कात्रीने कापला. अशा अकरा पानांचा पहिला भाग त्याने पाकिटातून बहिणीला धाडला.

आता आपल्याकडे कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. गोजाबाईला वाचता येत नव्हतं; पाकीट सोलापूरचं एवढं पोस्टमनने सांगितलं, आणि कोपरे बघून घरातलं कुणी पुढे वाचायला धजेना. सोलापुरात भावाशिवाय तिचं दुसरं कुणी नव्हतं, आणि इथे तर एकदम अकरा कोपरे! घरादाराने आंघोळी केल्या आणि एसटी गाठली.

ज्ञानबा ओट्यावर दाढी करत होता. गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकून तो अर्ध्या गालाच्या फेसासकट धावला आणि कोण गेलं म्हणून विचारू लागला. गोजाबाईने त्याला बघून त्याचा दंडच धरला.

"जित्ता हायस व्हय रं," म्हणत तिने त्याच्या फेसावरूनच हात फिरवला.

तेव्हाच बोलला असता तर! पण तो आधी गालावरचा फेस पुसत बसला, आणि रडणं ओसरलं तसा तिचा राग वर आला. असली पत्रं फाडून टाकायची असतात. तिला ते धाडस झालं नव्हतं. पदराला बांधलेली पानं तिने त्याच्यापुढे टाकली.

"काय लिवलंस एवढं?"

"अक्का, तुझीच गोष्ट हाय. माफी मागायची हाय त्यात."

"मग तेवढंच वाच की."

ज्ञानबा अडकला. बारावा भाग अजून लिहायचा होता. माफी अशी एकदम येत नसते, आधी मांडव दिसावा लागतो, असं त्याने समजावलं, तिला ओट्यावर बसवलं आणि वाचायला घेतलं. तीन पानं झाली तरी मांडव लांबूनच दिसत होता.

गोजाबाई उठली. लुगडं झटकलं, घरच्यांना पुढे घातलं.

"लिवून झालं की कळव. जगले तर ऐकीन."

ती गल्लीतून चालत गेली, लहान लहान होत वळणावर दिसेनाशी झाली. ज्ञानबा बघत राहिला. शेवटासाठी हा शॉट झकास आहे, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.