चिमणी कुणाशी बोले

केदारनाथ सरांनी कविता वाचून संपवली आणि मोठ्या आशेने सातवीच्या वर्गाकडे पाहिलं. वर्गाने खिडकीकडे पाहिलं.

"पिलं उडाली, घरटं उरलं, चिमणी कुणाशी बोले... सांगा बरं, कुणाशी बोलत असेल?"

उत्तरादाखल तेवढा पंखा कुरकुरला.

"सर," दारातून मुख्याध्यापक सुंदरराव म्हणाले, "उद्या मी मागं बसून बघणार हाय. एक तरी लेकरू बोललं पाहिजे. तुमच्याच तासाला कावून गप बसतेत ही?"

सरांना तरी कुठे ठाऊक होतं! बायको, कावेरीबाई, गेल्यापासून घरातही त्यांना उत्तर देणारं कुणी नव्हतं. मुलगा अंबाजोगाईला, त्याचा फोन रविवारी, तोही घाईतला. चहात साखर पडली का, हेसुद्धा ते स्वतःलाच विचारत. वर्गात तरी कुणीतरी ओ द्यावी, एवढंच त्यांना हवं होतं. गावातलं कीर्तन ते कधी चुकवत नसत. तिथे एकटा गेलेला माणूस एकटा राहत नाही. आणि तिथे तर हीच पोरं टाळ घेऊन पुढे... सर एकदम थबकले.

दुसऱ्या दिवशी गळ्यात उपरणं टाकून त्यांनी बाकं भिंतीला सरकवली आणि कवितेची ओळ चालीत म्हटली. पोरांनी ती अशी उचलली की वरचे पत्रे थरथरले. बंकट पळत जाऊन देवळातले टाळ घेऊन आला. टाळ ऐकून शेजारची सहावी आली, सहावीला शोधत तिच्या बाई आल्या. रस्त्याने चाललेल्या नीलाबाई, म्हणजे बंकटची आजी आणि सरांची शेजारीण, चपला काढून आत शिरल्या आणि सरांच्या पाया पडून पुढ्यातच बसल्या. म्हातारी खाली बसलेली पाहून सुंदररावही खुर्ची सोडून, बूट काढून खाली बसले.

सर रंगात आले. "चिमणी कुणाशी बोले? सांगा!"

"सांगा हो सांगा!" टाळ कडाडले.

"अरे, मी तुम्हाला विचारतोय!"

"विचारतोय हो विचारतोय!"

"बंकट, गाऊ नको! उत्तर दे!"

बंकटने हात जोडले. "सर, कीर्तनात बुवाच इचारतेत अन् बुवाच सांगतेत. मधी बोललं की आज्जी पाठीत धपाटा घालती."

"घालीनच," नीलाबाई म्हणाल्या. "तुमी चालू द्या, बुवा."

सरांनी सुंदररावांकडे पाहिलं. ते डोळे मिटून डोलत होते. सरांनी उपरण्याने घाम पुसला आणि मटकन खुर्चीत बसले. "झालं कीर्तन," ते हळूच म्हणाले.

"झालं?" बंकटची बहीण रुद्राणी उभी राहिली. "मग आता बोललं तर चालतंय? चिमणी सोत्ताशीच बोलती, सर. तुमच्यावानी. तुमी भांडी घासताना बोलता, ते भिंतीपल्याड आमाला समदं ऐकू येतंय. काल म्हणलात की, भात करपला का गं?"

सुंदररावांनी डोळे उघडले.

नीलाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. "कीर्तन झाल्यावर बुवाला उपाशी धाडायची रीत न्हाई आपल्यात. सांजच्याला आमच्याकडं जेवायला या. भाकर कशाची करू? ज्वारीची का बाजरीची?"

सगळा वर्ग सरांच्या तोंडाकडे पाहू लागला. सरांचे ओठ हलले, पण शब्द काही फुटेना.

"सर," मागून सुंदरराव म्हणाले, "उत्तर द्या की. कावून गप बसता?"