मोरपंखीची अबोली होईपर्यंत

सकाळी माझ्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं, की त्याखालून आधी एक काचेची कुपी आत येते आणि मागोमाग वाकलेले दिनकरमामा येतात. "वैनी, रंग बगा!" हे ते अशा आवाजात म्हणतात, की रस्त्यावरचा रिक्षावालाही मान वळवून बघतो.

माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. रंगाच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझा शब्द शेवटचा. एकदा एक बाई ब्लाउज जुळत नाही म्हणून परत आल्या, तर त्यांच्या साडीचाच रंग उतरलाय हे मी त्यांना पटवून दिलं. आजवर माझी शेड चुकलेली नाही. चुकली असली तरी मी कबूल केलेलं नाही.

तर मामा. जन्मभर शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीवर होते. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "भट्टी चालू हुती, वैनी. सोडून कुठं जाणार?" फौंड्रीत वितळलेलं लोखंड ओतायच्या आधी पळीभर काढून तपासतात म्हणे. मामांनी ती सवय बाहेरही चालू ठेवली. "आदी सॅम्पल, मग बोलणं." लग्नात पंगतीला बसण्याआधी रश्श्याचा थेंब तळहातावर घेऊन चाटणार आणि आचाऱ्याला तोंडावर सांगणार, "मीठ मुरलं न्हाय अजून." रिक्षात बसण्याआधी ती थोडी चालवून दाखवायला लावतात. आमच्या भागातले रिक्षावाले त्यांना बघून मीटर झाकतात.

त्यांचा भाचा सुशांत इंजिनिअरिंगसाठी त्यांच्याकडे राहिला होता. त्यानं हॉलमध्ये काचेची भलीमोठी टाकी मांडली आणि त्यात खारं पाणी करून पोवळी आणून सोडली. अंगठीतली नव्हेत, जिवंत. नोकरीसाठी बेंगळुरूला जाताना तो म्हणाला, "मामा, विकून टाका." मामा म्हणाले, "इकायला ती काय म्हस हाय?"

पोवळं पाण्यातला क्षार ओढून आपली हाडं बांधतं. रोज ओढतं, म्हणून क्षार रोज घटतो. फार घटला तर पोवळं खंगतं आणि भसकन वाढला तर भाजतं. मामा त्याला अल्कलिनिटी म्हणतात, तेही एखाद्या थोर बाईचं नाव घ्यावं तसं. कुपीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषध टाकलं की ते मोरपंखी होतं. मग सिरिंजनं दुसरं औषध थेंब थेंब सोडत राहायचं. मोरपंखीची अबोली झाली, की किती औषध लागलं त्यावरून आकडा कळतो. मग जेवढा कमी, तेवढा सोडा विरघळवून सावकाश टाकीत सोडायचा.

पण मामांना रंग दिसत नाही. "भट्टीनं डोळं खाल्लं, वैनी." म्हणून माझं दुकान. एकेका थेंबाला गिऱ्हाइकंही वाकून बघतात. "अजून मोरपंखीच हाय." "न्हाय हो, कडंला गुलबक्षी मारायला लागलंय!" शेवटी निवाडा मी देते. "आठ!" असं मामा ओरडले, की समुद्र ठीक आहे हे सगळ्यांना कळतं आणि बायका फॉल निवडायला लागतात.

परवा मामांकडे दाजी आले. दाजी म्हणजे मामांच्या बहिणीचे यजमान, सुशांतचे वडील, शिरोळचे ऊसवाले. आमच्याकडे दाजींचा मान असा, की दाजींनी भाजीत खोट काढली तर घर हादरतं. दाजींची खोट काढायची पद्धतच नाही. मामांना पाण्यात चमचाभर सोडा कालवताना त्यांनी बघितलं. मग मामा मटण आणायला गेले, तशी दाजींना मेहुण्याची दया आली. "एवढ्यानं काय हुतंय? उसाला आमी पोत्यानं टाकतोय!" असं म्हणून त्यांनी सोड्याचा अख्खा डबा टाकीत उपडा केला. मामा आले तोवर पाणी दुधासारखं झालं होतं. "बरं केलं न्हवं?" दाजींनी विचारलं. "बरं केलं की," मामा म्हणाले आणि त्यांना रस्सा वाढायला बसले. ही हकिकत खुद्द दाजींनी मला बसला जाता जाता, दुकानात थांबून, अभिमानानं सांगितली.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं, पण कुपी आत आली नाही. दोघी आकडा विचारून माघारी गेल्या. मला काही राहवेना. शेजारणीला दुकान बघायला सांगून मी मामांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. मामा टाकीसमोर पाठमोरे उभे होते, पायाशी ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादल्या. पोवळ्यांची टोकं पांढरी पडली होती. मामांच्या हातात कुपी होती आणि ते थेंब सोडत होते. मोरपंखीची अबोली ज्या थेंबाला झाली, नेमक्या त्याच थेंबाला त्यांचा हात थांबला. "तेरा," ते स्वतःशीच म्हणाले. रंग त्यांनी माझ्याआधी पकडला होता.

मी काही बोलणार, तोच फोन वाजला. सुशांतचा व्हिडिओ कॉल. टाकी बघून तो ओरडलाच, "मामा, हे काय झालं?"

आता दाजींचं नाव निघणार, असं मला वाटलं. मामा म्हणाले, "माजीच चूक, बाळा. रंग वळखायला चुकलो. डोळंच गेलं बग माजं. सोडा जास्त पडला."

"मग बास झालं आता. रविवारी येतो आणि टाकी कुणाला तरी देऊन टाकतो. दिसत नाही, तर कशाला हा ताप?"

"बरं," मामा म्हणाले. मला त्यांचा राग आला. बापाला पोराचं ऐकून घ्यायला लागू नये, म्हणून हा माणूस टाकी सोडायला निघाला होता. मी फोन हातातनं ओढून घेतला.

"सुशांत, रंग रोज मी सांगते. माजाच चुकला."

"काकू, तुमचा? रंग चुकला?"

"चुकला. माणूस न्हवं व्हय मी? मामांचा काय दोष न्हाय. टाकी कुठं न्ह्यायची न्हाय."

तो जरा निवळला. पाणी रोज थोडंथोडंच बदला, एकदम नको, म्हणाला. वर मला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा सल्ला दिला. दुसऱ्या कुणी दिला असता तर मी त्याच्या सात पिढ्यांची शेड काढली असती. पण "बरं बाबा," म्हटलं आणि फोन ठेवला.

"मामा, तुमास्नी रंग दिसतोय."

मामा खाली बघून बादलीतलं पाणी ढवळत राहिले. "दिसतोय की. जन्मभर लोखंड रंगावरच वळखलं." मग म्हणाले, "सुशांत हुता तवा दोघं मिळून बगायचो. त्यो गेल्यावर एकटा बगायला लागलो. आठ आला, तरी सांगायचं कुणाला?"

हे ते इतक्या हळू बोलले, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. मी दुसरी बादली पुढं ओढली. दोघांनी मिळून टाकीतलं थोडं पाणी काढलं आणि थोडं ताजं घातलं.

निघताना मी चपला घालत होते. मागून मामा म्हणाले, "वैनी, उद्या येऊ न्हवं दुकानात?"

"या की," मी म्हटलं. "आज दोगी आकडा इचारून गेल्या."

मामा लगबगीनं दारापर्यंत आले. "तेरा म्हणून सांगू नगासा त्यास्नी," म्हणाले. "उगंच जिवाला घोर लावून घेत्याल."