आईच्या कवळीची ट्रायल

गेली बावीस वर्षं मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर माप घेतात, साचा माझ्याकडे पाठवतात, आणि त्या साच्यावर मी हिरडी चढवतो, दात बसवतो, घासतो, चकचकीत करतो. माझ्या हातची कवळी आजवर परत आलेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. माझ्या कवळ्यांनी लोकांनी अक्रोड फोडलेत, भाषणं ठोकलीत, आणि एका गृहस्थांनी तर सत्तरीत दुसरं लग्न केलंय.

यात घरची माणसं धरलेली नाहीत. कारण माझ्या आईनं माझी कवळी तीनदा नाकारली आहे.

गेल्या वर्षी आईचे उरलेसुरले दात गेले. तेव्हापासून ती आमच्याबरोबर जेवायला बसेना. "तुम्ही बसून घ्या, मी मागून जेवते," म्हणायची, आणि आमची ताटं उचलली गेली की स्वयंपाकघराचं दार लोटून एकटी जेवायची. पहिली कवळी टोचते म्हणाली. दुसरी ढिली आहे म्हणाली. तिसरी मी भिंग लावून, श्वास रोखून केली. ती टोचत नव्हती, हलत नव्हती. दहादा तिच्या तोंडात घालून मी खात्री केली होती. तरी दार लोटलेलंच. टेबलाशी खुर्च्या चार आणि बसणारे तीन. जगाला चावायला लावणाऱ्या माणसाची आई दाराआड जेवते, हे मला फार लागायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी मी ठरवलं. एक अख्खा रविवार आईच्या कवळीची ट्रायल घ्यायची. आमच्या धंद्यात कवळी देण्याआधी ट्रायल असते, फक्त ती खुर्चीत बसवून दहा मिनिटं घेतात. मी ती सहकुटुंब आणि दिवसभर घेणार होतो. शनिवारी मी बायकोला आणि मुलीला बेत वाचून दाखवला. सकाळी तळ्याकाठच्या बागेत बोलण्याची चाचणी. तिथेच सँडविच, म्हणजे मऊ पदार्थ. मग नावेतून फेरी. संध्याकाळी घरी मी स्वतः केलेला पास्ता, जो आईनं टेबलाशी आमच्याबरोबर बसून खायचा. शेवटी सिनेमा, आणि तोही विनोदी, कारण हसताना कवळी सुटते की नाही ते कळायला हवं.

"ही सहल आहे की तपासणी?" बायकोनं विचारलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचे प्रश्न असेच असतात.

"दोन्ही. पास्त्याच्या वेळी मी आईच्या बरोबर समोर बसणार. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला पाहिजे."

"अहो, मला काय वाटतं सांगू? आईंना दातांचा त्रास नाहीच आहे. तुम्ही जरा —"

"दात माझं खातं आहे," मी म्हणालो. "मी तुझ्या त्रैराशिकात बोलतो का?"

मुलगी म्हणाली, "सिनेमा मी निवडणार आणि दिवे बंद करून बघायचा." ते मी मान्य केलं. त्यात दातांचा काही संबंध नव्हता.

रविवारी सकाळी बागेत आम्ही हिरवळीलगतचं एक बाक धरलं. आई बाकावर बसली, मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, खिशातली बारीक बॅटरी काढली आणि म्हणालो, "हं आई, एकसष्टपासून मोठ्यानं मोज. सावकाश. एकेक आकडा."

याला कारण आहे. नव्या कवळीची खरी परीक्षा या आकड्यांत होते. 'सष्ट' म्हणताना जीभ दातांना लागते आणि हवा कुठे गळते ते लगेच कळतं. कवळीचे सगळे पेशंट साठीतले आकडे मोजतात, वय काही का असेना.

"इथे? लोकांसमोर?" आई म्हणाली.

"लोकांसमोर बोलायचे तर दात केलेत."

आईनं सुस्कारा सोडला आणि सुरुवात केली. "एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट." मी डोळ्यांत तेल घालून तिच्या जिभेकडे बघत होतो. चौसष्टला मला मागे काहीतरी हलल्यासारखं वाटलं. पासष्टला पुन्हा. मी वळून बघितलं तर हिरवळीवर आठ-दहा म्हातारी माणसं आईच्या आकड्यावर हात वर आणि खाली करत होती.

झालं होतं असं, की त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या. ही मंडळी ताटकळत उभी होती, तेवढ्यात एक खणखणीत आवाज आकडे मोजू लागला. बदली बाई आल्या असं समजून त्यांनी हात वर केले. मला ते थांबवायचं होतं, पण आई एकोणसत्तरला दम खायला थांबली, आणि दहाच्या दहा माणसं हात वर करून तिच्याकडे बघत उभी राहिली. त्यातल्या एक आजी थरथरायला लागल्या.

"आई, सत्तर म्हणा," बायको घाईघाईनं म्हणाली. "त्यांचे हात खाली येऊ देत."

आईनं सत्तर म्हटलं. मग एकाहत्तर म्हटलं. मग तिला गोडीच लागली. तिनं शंभरपर्यंत नेलं, परत उलटं आणलं, मधेच एका आजोबांना "गुडघा वाकवू नका" असंही सांगितलं. मी मात्र प्रत्येक आकड्याला खाली वाकून तिच्या तोंडात बॅटरी मारत होतो, कारण एवढा मोठा नमुना पुन्हा मिळणार नव्हता.

माझ्या बॅटरीनं घोळ घातला. व्यायाम संपल्यावर एक टोपीवाले आजोबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, माझी कवळी बोलताना टकटक वाजते. जरा बघता का?"

मी डॉक्टर नाही हे मी सांगायला हवं होतं. पण बावीस वर्षांत मला तोंडावर कोणी डॉक्टर म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "काढा."

त्यांनी काढली. मघाच्या थरथरणाऱ्या आजींनीही काढली. आणि आई म्हणाली, "माझीही ठेव बाबा थोडा वेळ. मोजून मोजून तोंड दुखलं."

लॅबमध्ये माझी शिस्त कडक आहे. प्रत्येक कवळी कागदात गुंडाळायची, ओळीनं मांडायची आणि जागा लक्षात ठेवायची. इथेही मी तसंच केलं. सँडविचबरोबरच्या कागदी रुमालांत तिन्ही गुंडाळल्या आणि बाकावर मांडल्या. डावीकडे आईची, मधे आजींची, उजवीकडे टोपीवाल्यांची. मग बाकाच्या मागे जाऊन, पाठीला टेकून, मी उपस्थितांना कवळीची निगा या विषयावर पंधरा मिनिटं माहिती दिली. लोक मन लावून ऐकत होते. एकानं तर लिहून घेतलं.

तेवढ्यात मुलगी तळ्याकडून ओरडली की आपल्या नावेचा नंबर आला. मी लगबगीनं पुड्या उचलल्या आणि वाटल्या. डावीकडची आईला, मधली आजींना, उजवीकडची टोपीवाल्यांना. शिस्त म्हणजे शिस्त. आई पुडी पिशवीत टाकत म्हणाली, "आता घरी गेल्यावरच घालते." सँडविच तिनं मागच्या रांगेत बसून केव्हा संपवलं ते मला कळलंही नाही, कारण नाव पायांनी मारायची होती आणि पुढे बसून पायडल मारायला मी एकटाच होतो. मागे आई आणि मुलगी कशावरून तरी खिदळत होत्या. मी मनात पास्त्याची तयारी करत होतो.

पास्ता करणं अवघड नाही. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं होतं. मी पहिल्या खेपेसाठी बारा ठरवली. सहा वाजता पाणी उकळलं, पास्ता सोडला, सॉस दुसऱ्या शेगडीवर ठेवला, टेबलावर चार ताटल्या मांडल्या, आईच्या जागेवरचा दिवा सरळ केला, आणि कवळी धुवायला म्हणून तिच्या पिशवीतली पुडी उघडली.

पुडीत एका दणकट पुरुषाचा जबडा होता.

बाकाच्या मागे उभं राहिलं की डावं ते उजवं होतं, हे मला तेव्हा कळलं. मधल्या आजींची तेवढी बरोबर गेली होती, त्यातही माझी करामत नव्हती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हातात कवळी असून आपण केलेली कोणती आणि दुसऱ्याची कोणती हे मी बघितलंही नव्हतं. आणि आता पास्ता शिजत होता, टेबल मांडलेलं होतं, आणि ज्या एका जेवणासाठी मी दिवसभर खटपट केली त्या जेवणाला आईला दातच नव्हते.

"एवढं काय झालं?" आई म्हणाली. "त्या आजींनी मला नंबर दिलाय. पुढच्या रविवारीही मोजायला या म्हणाल्या."

मी आजींना फोन लावला. त्यांनी टोपीवाल्यांचा नंबर शोधायला दहा मिनिटं घेतली. मग टोपीवाल्यांना लावला.

"कोण, डॉक्टर?" ते कळवळून म्हणाले. "बरं झालं फोन केलात. दुपारपासून माझं तोंड सुजलंय. कवळी आतच जात नाही. चार वेळा मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. बायको म्हणते दवाखान्यात चला."

"आजोबा, तोंड सुजलेलं नाही. ती कवळी माझ्या आईची आहे."

पलीकडे त्यांनी बायकोला 'दवाखाना राहू दे' असं सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही दातांचे डॉक्टर नाही?"

त्यांना सगळं समजावून, माफी मागून, उद्या सकाळी बागेत अदलाबदल करायचं ठरवून मी फोन ठेवला तेव्हा पावणेसात झाले होते. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "पास्ता बघितलात का?"

बघितला. पातेल्यात पास्ता असा उरलाच नव्हता. पोस्टात लिफाफे चिकटवायला ठेवतात तसं काहीतरी होतं. त्यावर मी सॉस ओतला. तो आत जाईना, वरच बसून राहिला.

मी खुर्चीत बसलो. मला रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती. वर्षभर मी आईला टेबलाशी आणायला धडपडत होतो, आणि आज तिचे दातच एका परक्या माणसाच्या न्हाणीघरात ठेवून आलो होतो. मी मुलीला म्हणालो, "लाव तुझा सिनेमा. जेवण आपापलं घ्या. आईला मी दूध देतो."

"दूध कशाला?" आई म्हणाली. "त्यातलंच वाढ की थोडं."

"आई, दात नाहीत."

"माहीत आहे मला. माझेच नाहीत ते."

मुलीनं दिवे बंद केले. मी पुढे जमिनीवर, पडद्याकडे तोंड करून बसलो. ताटली हातात तशीच होती. पडद्यावर एक माणूस उंच शिडीवर अडकला होता आणि खाली जमलेले लोक त्याला एकाच वेळी सल्ले देत होते. मला हसू येत नव्हतं. मागे सोफ्यावर मात्र कोणीतरी हसत होतं. मोठ्यानं, तोंड उघडून. हा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. मी वळायला गेलो तर बायकोनं माझी मान धरून पुढे केली.

"मागे बघू नका," ती हळूच म्हणाली.

चमच्याचा आवाज येत होता. सावकाश, एकसारखा. मग आई म्हणाली, "सूनबाई, अजून आहे का गं?" बायको उठली, वाढून आली. थोड्या वेळानं आईनं पुन्हा मागितलं.

शिडीवरचा माणूस खाली आला, सिनेमा संपला, दिवे लागले. आईची ताटली पुसल्यासारखी स्वच्छ होती. ती आमच्याबरोबर जेवली होती, आमच्यामधे बसून, एकही दात तोंडात नसताना.

"आई," मी म्हणालो, "हे कसं जमलं?"

"काय कसं? जेवले."

"मग वर्षभर कवळी घालून का नाही जमलं? टोचायची का? खरं सांग. मी चौथी करतो."

आईनं बायकोकडे बघितलं. बायकोनं खाली बघितलं. मग आई सांभाळून सांगितल्यासारखं म्हणाली, "कवळी चांगलीच आहे रे. पहिलीसुद्धा चांगली होती. पण मी घास घेतला की तू माझ्या जबड्याकडे बघायला लागतोस. डावीकडून चावते का, उजवीकडून चावते का, आवाज येतो का. माझा घास घशाखाली उतरत नाही. तुला सांगितलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून मी आत जायची. आज तोंडात काहीच नव्हतं, आणि तुला बघायचंही काही नव्हतं. म्हणून दोन घास सुखानं खाल्ले."

माझी ताटली अजून तशीच मांडीवर होती, म्हणून मान खाली घालून मी पहिला चमचा तोंडात घातला.

पास्ता अगदी खळीसारखा लागत होता. मीठही विसरलं होतं. आणि आईनं तो दोनदा मागून घेतला होता.