उत्तमकाकांचा चौसष्टावा ठिपका

गेल्या रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी उत्तमकाकांनी आपला चौसष्टावा ठिपका कळवला. हजर आम्ही तिघं: काका, मी आणि माझी बायको.

काका छावणी भागात आमच्या खालच्या घरात एकटे राहतात. वय एकाहत्तर. एसटीत ड्रायव्हर होते, त्यातली एकोणीस वर्षं पैठण गाडीवर. निवृत्तीनंतर एका शिबिरात ते लघुग्रह शोधायला शिकले. दुर्बीण त्यांच्याकडे नाही. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीनं आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं काढलेले चार फोटो त्यांच्या कॉम्प्युटरवर येतात. काका ते एकामागून एक फिरवतात. तारे जागेवर राहतात. एखादा ठिपका सरळ रेषेत, सारख्या अंतरानं सरकला, तर तो लघुग्रह असू शकतो. मी वाळूजच्या कारखान्यात मापं तपासतो, म्हणून अंतरं मोजायला मला बोलावणं येतं.

"तारे म्हणजे थांबे," काका सांगतात. "थांबा हलत नाय. हलली ती गाडी."

शोधमोहिमेच्या केंद्राला अहवाल पाठवण्याआधी ते टेबलावर दोनदा टकटक करतात. "डबल बेल! चला." त्याशिवाय बटण दाबत नाहीत.

"काका, तुमची पैठण गाडी कधी वेळेत आली नाही, अन् आता आभाळाचं टाइमटेबल बघता व्हय?" बायको म्हणते.

"सूनबाई, रस्त्यात म्हशी होत्या. इथं नायत."

पहिल्या वर्षी त्यांनी एकदम दोन लघुग्रह कळवले होते. दोघांचा वेग तंतोतंत सारखा, दिशा मात्र उलट. मला शंका आली. विचारलं तेव्हा कळलं, काकांनी फोटो एक ते चार बघितले आणि मग चार ते एक.

"गेलेली गाडी परत येणारच की," ते म्हणाले. "का मुक्कामीच राहती?"

चूक कळवताना मात्र त्यांचे कान लाल झाले. त्यानंतर कळवलेला प्रत्येक ठिपका आधीच कुणीतरी नोंदवलेला निघाला.

रविवारचा ठिपका वेगळा होता. चारही फोटोंत अंतर सारखं आलं. माहीत असलेल्या लघुग्रहांच्या यादीत त्या जागी काही नव्हतं. मी तीनदा बघितलं. मग अहवालावर नजर गेली. शोधणाऱ्यांच्या रकान्यात काकांच्या नावाखाली एक ओळ रिकामी होती.

"तिथं तुमचं नाव घाला," काका म्हणाले.

"मी नुसती मापं घेतली काका. शोधलं तुम्ही. खोटं कसं लिहू?"

"लघुग्रहाचा नंबर पक्का व्हायला किती वर्षं लागतात?"

"आठ-दहा. कधी जास्तही."

"अन् त्यानंतरच शोधणाऱ्याला त्याचं नाव सुचवता येतं ना? मी एकाहत्तर. करा बेरीज."

मी केली. बायकोनं चहाचे कप उचलले आणि तशीच उभी राहिली.

काकांनी खिशातून एक जुनं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. मागं पेनानं लिहिलं होतं: साळवे.

"हे नाव सुचवायचं. माझा कंडक्टर. एकोणीस वर्षं मी पुढं बघितलं, त्यानं मागं. त्याच्या बेलबिगर क्लच सोडला नाय कधी. तो गेला त्या दिवशी बदली ड्रायव्हर नव्हता. मी पैठणला गेलो. मातीला पोचलो नाय." ते पुढं म्हणाले, "नव्या कंडक्टरनं बेल दिली, ती मला ऐकूच आली नाय. पाशिंजर ओरडले तवा गाडी काढली."

मी रिकाम्या ओळीत माझं नाव लिहिलं. पुढं कंसात 'मोजमाप' असंही लिहिलं, कारण तेवढंच खरं होतं. तिकीट माझ्या पाकिटात ठेवलं.

काकांचा हात बटणापाशी गेला आणि थांबला.

"आज बेल तुम्ही द्या."

मी टेबलावर दोनदा टकटक केलं. काकांनी मान वळवून एकदा मागं बघितलं आणि बटण दाबलं.